महानंदाच्या कौतुकाचं पत्र

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला माझं सगळं ठाऊक असतं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसाला सांगायची छाती या वयातही नाही.

नांदेडच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवायचो. छंद म्हणा, मोठेपणाची हौस म्हणा — शास्त्र शिकलेल्या पोरांनी आपापल्या गावाकडं परतावं, तिथंच नोकरी करावी, असं मी सांगत फिरायचो. त्यांचे अर्ज लिहायचो, कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचो. आठ-दहा जणांचं भलं झालंही.

मी मात्र नांदेडातच राहिलो. का? हिमायतनगरकडं माझं गाव. दुष्काळात तिथं मी बोअरची जागा दाखवली, तर दोनशे फूट नुसती धूळ निघाली.  पुढच्या खेपेला लोकांनी तळहातावर नारळ धरून फिरणारा पाणाड्या बोलावला, आणि त्याच्या जागी पाणी लागलं. मग मी गावी जाणंच कमी केलं.

महानंदा माझी विद्यार्थिनी. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला तिचं गाव. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, पाऊस पुन्हा रुसला होता, आणि पाणी शोधायच्या नव्या कचेरीला तिथलेच पदवीधर हवे होते. तिला दुसरं काही नकोच होतं. आपल्या तालुक्यात, आपल्या माणसांत काम.

त्याच उन्हाळ्यात तिच्या गावात बोअर घ्यायचं ठरलं. मीही गेलो. ओढ्याकाठची जागा बरी, असं म्हणालो. ती हळूच म्हणाली, "सर, तिथं खाली नुसता काळा पाषाण हाय. फट न्हाई. वरच्या बांधाला बघू का?" गावातली प्रत्येक विहीर तिनं लहानपणापासून पाहिलेली. वरच्या बांधाला पाणी लागलं. ज्यानं जागा दाखवली त्यानं नारळ फोडायचा, ही तिथली रीत. तिनं तो माझ्यापुढं धरला. मी फोडला. हसलोही.

आतून मात्र जळत होतो. कालची पोर, माझ्याच वह्यांवर शिकलेली — तिला तिच्या गावानं डोक्यावर घ्यावं, आणि मला माझ्या गावानं? खरं सांगतो, त्या दिवशी पाणी लागलं नसतं तर मला आनंद झाला असता. प्यायला टँकरचं पाणी पुरत नव्हतं त्या गावात, तरीही.

पुढं तिच्या अर्जावर कचेरीतून मला विचारणा आली. बाहेरगावची माणसं तिथं टिकत नव्हती. साहेबांना एवढंच हवं होतं — ही मुलगी गावात राहील का?

मी तिच्याविषयी वाईट लिहिलं नाही हो. कौतुकच लिहिलं. अशी बुद्धिमान विद्यार्थिनी पाहिली नाही, तिची जागा संशोधनात आहे, तालुक्याच्या ठिकाणी ती रमणार नाही — आणि तिची स्वतःचीही तशी इच्छा दिसत नाही. हे शेवटचं धडधडीत खोटं. लिहिताना बरं वाटलं.

तिला घेतलं नाही. पुण्याची वाटही मीच काढून दिली. तिथं तिनं नाव काढलं. दर दिवाळीला पत्र येतं — सर, तुमच्यामुळं.

काही वर्षांनी लातूरच्या बसस्टँडवर तिचे वडील भेटले. "शरणार्थ, सर," हात जोडून म्हणाले. मग खाली बघत, "मी कचेरीत जाऊन इचारलो होतो. तिचीच इच्छा नव्हती म्हणे. गावात ऱ्हायची लाज वाटली असंल. मी तिला कधी बोललो न्हाई."

बस सुटायला वेळ होता. अप्पा, ते मी लिहिलं — एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हणालो, "चालायचंच, अप्पा. शिकली की मुलं अशीच." आणि त्यांना चहा पाजला.

अप्पा आता नाहीत. लेकीला आपली लाज वाटते, हे मनात धरूनच ते गेले. मागच्या दिवाळीच्या पत्रात महानंदानं लिहिलं होतं, शेवटी शेवटी अप्पा माझ्याशी तुटक वागायचे, का ते कळलंच नाही, सर. मी उत्तर पाठवलं. त्यात तिच्या तब्येतीची चौकशी केली.