भुलाबाईच्या मांडवातला टारफुला

प्रयागबाई साप दिसला तर काठीने बाजूला सारायची आणि निंदण पुढे चालू ठेवायची. तिला कापरं भरलं ते बोटभर उंचीच्या फुलाने.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असेल. काटोलच्या वाटेवरचं मधुकररावांचं वावर ती बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायची. त्या आश्विनात जमिनीत ओल असूनही ज्वारी पिवळी पडू लागली. बाई वाकून पाहते तर धांड्यांच्या बुडाशी इवली पांढरी फुलं. टारफुला! दिसायला नाजूक, पण हा ज्वारीच्या मुळाला आपलं मूळ चिकटवतो, जमिनीखाली तिचा रस पितो आणि मगच वर तोंड काढतो. फूल दिसलं की समजावं, उशीर झाला. रोप एका हंगामात मरतं, पण बी धुळीसारखं बारीक. वर्षानुवर्षं ज्वारीची वाट बघत मातीत पडून राहतं.

वावर नासवणाऱ्या बटईदाराला कोण ठेवतो? तिने हाताला लागेल तेवढा उपटला. तिथेच जाळावा, तर धूर बघून लोक चौकशीला येणार. घरी चुलीत घालू म्हणून टोपल्यात भरून आणला आणि ती गुरांना पाणी दाखवायला गेली. परतली तर टोपलं रिकामं.

"फुलं कुठी गेली वं, प्रेमिला?"

"भुलाबाईच्या मांडवाले बांधली, आत्याबाई," सून म्हणाली. कोजागिरीपर्यंत घरात भुलाबाई देवी ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात बसलेली होती. "सुकून राहिली होती. खालची बोंडं झटकली, आंगण झाडून घेतलं."

"अन् केर?"

"उकिरड्यावर."

प्रयागबाई उकिरड्याकडे धावली. शेंड्याला फूल उमलतं तोवर खालची बोंडं पिकलेली असतात. आणि उन्हाळ्यात तो सगळा उकिरडा खत म्हणून मालकाच्याच वावरात जायचा. देवीला वाहिलेलं कुणी जाळत नाही. तिने मात्र हात जोडून मांडवातली रोपं चुलीत घातली. पण शेणातून धूळ कशी वेचणार? गप्प बसावं तर पुढे अख्खं वावर जाणार, बोलावं तर आजच ते हातचं सुटणार.

संध्याकाळी ती मालकाच्या ओसरीसमोर उभी राहिली.

"मालक, वावरात टारफुला निघाला. त्याचं बी माह्या उकिरड्यात गेलं. यंदा ते खत नका टाकू."

मधुकररावांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच विचारलं, "आणखी कोणाले सांगितलं?"

"नाही जी."

"सांगू नको. खत खोल खड्ड्यात पुरून टाक. पुढच्या साली ज्वारी नको, पऱ्हाटी लाव. कापसाच्या मुळावर हा जगत नाही."

दयामाया काही नाही. वावराचं नाव खराब होईल, या भीतीने मालकही तिच्याइतकेच गारठले होते. वावर तिच्याकडे राहिलं. पण म्हातारी होईपर्यंत, सुनेने आणलेलं प्रत्येक फूल ती देवीसमोर ठेवण्याआधी चुलीवर झटकायची.