बाबांचा ‘गो’

आमच्याकडे बाईमाणसाला हाक मारताना ‘गं’ म्हणत नाहीत, ‘गो’ म्हणतात. पुण्यात राहून राहून माझ्या तोंडी ‘गं’ बसला, पण बाबांचं माझ्याशी एक वाक्य ‘गो’शिवाय संपत नाही. जेवलीस काय गो, पोचलीस काय गो, बरं गो. रत्नागिरीत याचं कुणाला काही वाटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका कॅसिनोत मात्र या एका अक्षराने मोठा घोटाळा केला, आणि त्या घोटाळ्याची मी आजही ऋणी आहे.

पोकरचं आधी सांगून टाकते, म्हणजे नसते गैरसमज नकोत. कंपनीच्या कामासाठी मला वर्षातून दोन-तीनदा परदेशी जावं लागतं. परक्या गावात एकटी बाई हॉटेलात जेवायला बसली की वेटर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारतो, अजून कोणी येणार आहे का? पोकरच्या टेबलावर असलं कोणी विचारत नाही. आठ-नऊ अनोळखी माणसं कोंडाळं करून बसतात, आपापल्या चिप्सचे मनोरे रचतात आणि ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा उठून जातो. मी नेहमी सगळ्यात हलक्या टेबलावर बसते आणि चैनीसाठी बाजूला काढलेलं संपलं की उठते. आईला हे कधी पटलं नाही. पत्त्यांना पैसा लागला की तो जुगार, मग तो झाडाखाली असो नाहीतर झुंबराखाली, असं ती तोंडावर सांगायची. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तू म्हणशील तसं, गो.’

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाबा देवरूखच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीने रत्नागिरीला घरी यायचे. हातपाय धुऊन चहा झाला की आम्ही दोघं रमी खेळायला बसायचो. मी जवळजवळ नेहमी जिंकायचे. इतकी, की माझ्या हाताला यश आहे असं मी शाळेत छाती काढून सांगत फिरायचे. घरात ‘नाही’ म्हणण्याचं खातं आईकडे होतं. सहलीला नाही, केस कापायला नाही, पुण्याच्या नोकरीला आधी नाही आणि मग रडत रडत हो. मी लग्न करणार नाही म्हणाले तेव्हा तिने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. बाबा तेव्हाही तू म्हणशील तसं.

मग आई गेली आणि ते खातं बंद पडलं. पुढच्या पावसाळ्यात बाबा विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरले आणि मनगट मोडलं. मला आठवड्याने कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. मी तडक रत्नागिरी गाठली, फणफणले, आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं की आता त्यांनी माझ्याकडे पुण्याला यायचं. घर भाड्याने द्यायचं. नाटे गावाहून बदली होऊन येणारं एक शिक्षक जोडपं भाडेकरू म्हणून मिळालंसुद्धा. बाबा पडवीत बसून मोडका हात गळ्यात अडकवून ऐकत होते. म्हणाले, ‘तू म्हणशील तसं, गो.’

मला केवढं हायसं वाटलं. खरं तर त्याच्या आधीच्या वर्षी ते माझ्या फ्लॅटवर पंधरवडाभर राहून गेले होते, आणि रोज दुपारी चारला जेवणाच्या टेबलावर एकटेच पत्ते मांडून पेशन्स खेळायचे. रत्नागिरीत दुपारी चारला शेजारच्या पडवीत त्यांच्यासारख्याच तीन निवृत्तांबरोबर मेंढीकोट असतो, आणि त्यातला एक पिसायला लागला की बाकीचे तिघे त्याला शिव्या घालतात. पुण्यात शिव्या घालायला कोणी नव्हतं. हे मी डोळ्यांनी बघत होते आणि म्हणत होते, किती छान मन रमलंय बाबांचं.

पुण्याला येण्याआधी त्यांना थोडं जग दाखवावं म्हणून मी कामाला सुट्टी जोडून त्यांना ऑस्ट्रेलियाला नेलं. त्यांनी कांगारू बघितले, ट्राममध्ये बसले, आंबे बघून ‘हे आंबे?’ एवढंच म्हणाले. एका दुपारी पावसाने बाहेर पडायची सोय राहिली नाही, म्हणून मी म्हटलं, चला, तुम्हाला माझं पोकर दाखवते. वाटेत त्यांना खेळ समजावला. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती झाकून ठेवायची. पाच पानं टेबलावर सगळ्यांच्या सामाईक. ती मधूनमधून उघडत जातात आणि दर वेळी ज्याला आपला हात चांगला वाटेल तो चिप्स लावतो. पुढच्याने तेवढ्या लावायच्या, नाहीतर पानं टाकून द्यायची. हातात काही नसलं तरी असल्याचा आव आणता येतो. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची.’ मी इतकी वर्षं लोकांना पोकर समजावत आले, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

आम्हाला समोरासमोरच्या खुर्च्या मिळाल्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चिप्स हातात घेऊन त्यांनी आधी सगळ्या रंगांप्रमाणे लावून ठेवल्या, पुस्तकं लावावीत तशा. पहिलाच डाव चालू असताना ते मला म्हणाले, ‘पान बरं आलंय गो,’ आणि पत्ते वाटणाऱ्या मुलीने हात वर केला. डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी बोलायचं, असा तिथला नियम आहे. दोघांनी आपल्या भाषेत संगनमत करू नये म्हणून. नियम बरोबरच आहे, पण आम्ही बापलेक जन्मात एकमेकांशी इंग्रजीत बोललेलो नाही. त्यामुळे आम्ही गप्प बसलो. तरी बाबांच्या इंग्रजीच्या शेपटीला ‘गो’ यायचाच. ‘युवर टर्न गो.’ ‘गुड गो.’ माझ्या शेजारी टोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांनी बऱ्याच वेळाने हळूच विचारलं, तुझे वडील तुला सारखे जा जा का म्हणतात? मी त्यांना सांगितलं की ते जा म्हणत नाहीत. मग काय म्हणतात, हे मात्र मला इंग्रजीत सांगता येईना. प्रेमाने म्हणतात, एवढं सांगितलं.

थोड्या वेळाने एका डावात बाकी सगळ्यांनी पानं टाकली आणि आम्ही दोघंच उरलो. माझा हात बरा होता. शेवटचं पान उघडल्यावर मी चिप्स लावल्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आपली दोन पानं उलथी करून सगळ्यांना दिसतील अशी टेबलावर ठेवली आणि पुढे सरकवून दिली. ‘घे गो, तुलाच.’

दोन्ही पानं बदामची होती आणि टेबलावर आणखी तीन बदाम पडलेले होते. म्हणजे त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. टेबलावर एकच गलका झाला. मुलीने टेबलांवर देखरेख करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या बाई फार सभ्य होत्या. वाकून बाबांना म्हणाल्या की इथे प्रत्येकजण आपल्यापुरता खेळतो, लेकीला सोडून द्यायचं आणि दुसऱ्याला अडवायचं, असं चालत नाही. बाबा उठून उभे राहिले आणि सॉरी म्हणाले. माझा मात्र संताप झाला होता, आणि तो त्या बाईंवर नव्हता. मी बाबांना उठवून चहाला घेऊन गेले.

‘बाबा, लहानपणी मी रमीत जिंकायचे ते?’

बाबा चहाच्या कागदी कपात लाकडी काडी फिरवत राहिले. ‘आठवड्यातून एकदा घरी येणारा माणूस मी. त्यानं येऊन आणि वर जिंकायचं होय गो?’

मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेली बाई परदेशात चहाच्या स्टॉलपाशी रडते हे काही बरं दिसत नाही, पण आलं. बाबा गडबडले, खिशातला घडी घातलेला रुमाल त्यांनी पुढे केला. आणि रुमाल डोळ्यांना लावता लावता माझ्या डोक्यात दुसरंच आलं. ज्याने चाळीस वर्षं हातातली चांगली पानं टाकली, त्याने पुण्याच्या बाबतीत काय केलं असेल? मी सरळ विचारलं, बाबा, तुम्हाला खरंच यायचंय का पुण्याला? त्यांनी पावसाकडे बघितलं. मग म्हणाले, तू म्हणशील तसं, गो.

मी रुमाल परत दिला आणि चिडूनच बोलले. म्हटलं, चला आत. आता मी तुमची मुलगी नाही. एकदा तरी माझ्याशी खरं खेळा.

आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो. बराच वेळ काही घडलं नाही. मग मला दोन राजे आले. टेबलावर तिसरा राजा पडला आणि बाकी चार पानं अगदी किरकोळ, एकमेकांशी काही संबंध नसलेली. ज्यांना पोकर येतं त्यांना कळेल, ज्यांना येत नाही त्यांना सांगते: तिथे माझ्यापेक्षा मोठा हात कुणाकडे असूच शकत नव्हता. बाकीचे गळाले. पुन्हा आम्ही दोघंच. मी भरपूर चिप्स पुढे सरकवल्या आणि हसून म्हटलं, ‘फोल्ड, बाबा.’ म्हणजे टाका पानं.

बाबांनी पानांवरचा हात काढला नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांची मान किंचित हलत होती, म्हातारपणी हलते तशी. मग ते म्हणाले, ‘नो.’

टोपीवाल्या आजोबांनी मान वर केली. बाबांनी घसा साफ केला, शाळेत उभं राहून धडा वाचतात तसे ताठ बसले, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘आय. विल. नॉट. गो.’

आणि रंगांप्रमाणे लावून ठेवलेल्या सगळ्या चिप्स त्यांनी दोन्ही हातांनी पुढे लोटल्या.

टेबल हसलं. टोपीवाले आजोबा मला कोपराने ढोसून म्हणाले, तुझा म्हातारा काही हलायचा नाही इथून. पत्ते वाटणारी मुलगीसुद्धा हसत होती. एवढ्या लोकांत मला एकटीलाच ते ऐकू आलं होतं. शेवटचा ‘गो’ इंग्रजी होता की आमचा, हे मी आजही सांगू शकत नाही. बहुतेक दोन्ही.

माझ्या हाताखाली दोन राजे होते. उघडले असते तर मी जिंकणार होते, यात तिळमात्र शंका नव्हती. खरं खेळा, असं मीच त्यांना बजावलं होतं. पण या माणसाने जन्मात पहिल्यांदा मला नाही म्हटलं होतं, आणि नाही म्हटलं की हरायला होतं, हे मी त्यांना त्या वयात शिकवणार नव्हते. मी राजे पालथेच पुढे सरकवले आणि म्हटलं, फोल्ड. त्या सभ्य बाई दुसऱ्या टेबलाशी होत्या, ते बरं झालं.

परत जाताना ट्राममध्ये बाबा खिडकीशी बसले होते. एकदम खुशीत.

‘पुण्याचंच म्हणत होतात ना?’ मी विचारलं.

‘होय गो. मराठीत तुला नाही म्हणवत नाही.’ मग म्हणाले, ‘घर आहे, तिघे जण आहेत. चारला कोण नाही गेलं तर खोळंबतात.’

मी त्यांचा हात धरला, मोडून जुळलेला तोच. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, ‘तुझ्याकडे काय होतं गो?’

‘काही नव्हतं.’

‘माझ्याकडे तर त्याहून काही नव्हतं,’ बाबा म्हणाले, आणि एवढे हसले की समोरची बाई वळून बघायला लागली.

घरी परतल्यावर मी शिक्षक जोडप्याला फोन करून माफी मागितली आणि त्यांना रत्नागिरीत आमच्याच गल्लीत दुसरी जागा बघून दिली. विहिरीकडे जायच्या पायऱ्यांना कठडा लावून घेतला. शेवाळ खरवडायला दर पंधरवड्याला माणूस येतो, आणि तो आला की नाही हे काकू मला कळवतात. माझी काळजी मिटलेली नाही. रात्री त्यांनी फोन उचलायला उशीर केला की मी अजून लगेच काकूंना फोन लावते.

मी आता महिन्यातून एकदा शनिवारी रत्नागिरीला जाते. हातपाय धुऊन चहा झाला की आम्ही रमीला बसतो, आणि बाबा मला धूळ चारतात. दयामाया नाही. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाने जिंकू नये, पण महिन्यातून एकदा येणारीला हरवलं तर चालतं, असा नवा नियम त्यांनी काढला आहे. मी दोन राजांचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. निघताना फाटकाशी मी एकदा विचारून बघते, येता का पुण्याला चार दिवस? बाबा ताठ उभे राहतात आणि इंग्रजीत म्हणतात, ‘नो.’ मग मी म्हणते, येते. ते म्हणतात, ‘ये गो.’