काकांना पाठवायला नको होतं

जगात जे काही बिघडलं ते शेवटच्या पाच मिनिटांत बिघडलं, त्याआधी सगळं ठीक चाललं होतं, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो आमच्या शेजारच्या घरात राहतो. नात्यानं तो आमचा कोणी नाही. बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणून आम्ही त्याला काका म्हणतो. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्यानं जाताना आत वळलं की आमची वाडी लागते. या वाडीत कोणीही कोणताही निर्णय घेतला की तो कसा चुकला हे काका सांगतात. आधी मात्र सांगत नाहीत. निर्णय घेऊन होतो, व्हायचं ते नुकसान होतं, माणसं चपला घालून घरी निघतात, तेव्हा काका घसा खाकरतात.

आमच्या घरच्या गरिबीचंही त्यांच्याकडे असंच एक कारण होतं. मी लहान असताना बाबा बिरवाडीला कारखान्यात कंत्राटावर जायचे. ठेकेदारानं बोलावलं तर काम, नाही बोलावलं तर अंगणात बसून विडी. आई दुसऱ्यांच्या शेतात नाचणी लावायला जायची. मिठामिरचीच्या गरम पाण्याला आम्ही कालवण म्हणायचो आणि त्याची लाज वाटायची नाही, कारण शेजारच्या चुलीवरही तेच असायचं. शाळेत वर्गाचा फोटो काढला त्या दिवशी मी ज्या मैत्रिणीचा फ्रॉक घातला होता ती त्याच फोटोत माझ्या मागच्या रांगेत उभी आहे. तिला मुद्दाम मागे उभं केलं, म्हणजे तिच्या अंगावर काय आहे ते दिसू नये. बाहेरचे लोक याला परिस्थिती म्हणतात. आमच्या वाडीत याला ‘ती चढाई’ म्हणत.

त्या चढाईबद्दल सांगायला हवं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. महाडला कबड्डीची मोठी स्पर्धा होती आणि आमच्या वाडीचा संघ कधी नव्हे तो अंतिम सामन्यात पोचला होता. बाबा कॅप्टन. एका कंपनीचे साहेब खुर्चीवर बसून बघत होते आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं की आम्हाला कंपनीचा संघ बांधायचाय, जिंकलात तर कॅप्टनला कायम नोकरीत घेऊ. सामना संपत आला तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो आणि शेवटची चढाई आमची होती. समोर सातही गडी उभे होते, म्हणजे बोनसची रेषा ओलांडून परत आलं तरी बरोबरी होत होती. बाबांनी काकांना पाठवलं आणि सांगितलं, “बोनस घे नि मागं ये. हात लावायला जाऊ नको.” काका गेले. बोनस राहिला बाजूला, काकांनी कोपऱ्यातल्या गड्यावर झेप घेतली. त्यांचा घोटा धरला गेला, वर चौघे पडले, आणि सामना दोन गुणांनी गेला. साहेब उठून गाडीत बसले. बाबा पुढची वीस-बावीस वर्षं कंत्राटावरच राहिले.

आता कोणालाही वाटेल, असा माणूस तोंड लपवून फिरेल. काकांनी ते केलं नाही. त्यांनी कॅप्टनवर टीका सुरू केली. म्हणणं एकच: मला पाठवायला नको होतं.

“मी ऐकणारा माणूस हाय काय?” ते चारचौघांत विचारायचे. “लहानपणी मास्तरांचा ऐकला नाय, बापाचा ऐकला नाय. ह्याला ठाऊक नव्हता? मग सांगून कशाला पाठवतो? जो ऐकत नाय त्याला पाठवायचाच नाय. ही कॅप्टनची चूक!”

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी पदवीपर्यंत शिकले, आमच्या घरातली पहिलीच, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते; पण या युक्तिवादातलं भोक मला अजून सापडलेलं नाही.

काकांची पोलादपूर ते महाड सहा आसनी रिक्षा होती. सहा आसनं असली तरी सातवा गिऱ्हाईक आल्याशिवाय ती हलायची नाही. लोकांना वाटे, काका लोभी आहेत. तसं नव्हतं. सात झाले की त्यांचा संघ व्हायचा. “तुम्ही डावा कोपरा,” पेणला माहेरी निघालेल्या एखाद्या सुनेला ते सांगायचे. “गुरुजी, तुम्ही मधले. बाजारवाली मावशी उजवा कोपरा. आता हा ड्रायव्हर चढाईला येतोय. कोण पकडील?” महाड येईपर्यंत तो अंतिम सामना पुन्हा खेळला जायचा आणि दर खेपेला काका चढाईला वेगळा माणूस पाठवायचे. सोमवारी संघातल्या डावऱ्या गड्याला, बुधवारी संघातच असलेल्या स्वतःच्या मेहुण्याला. शुक्रवारचा बाजार असला, गर्दी चांगली असली की आवडता पर्याय निघायचा, “कॅप्टननं स्वतः जायचा होता!” उतरताना गुरुजी म्हणायचे, “काका, आज तर आपण जिंकलो.” काका सुटे देत म्हणायचे, “रोज जिंकतो. त्या दिवशी सोडून.”

इतरांच्या सामन्यांना ते शेवटच्या पाच मिनिटांतच पोचायचे. आधीची पस्तीस मिनिटं म्हणजे लग्नातली मंगलाष्टकं, असं त्यांचं मत. बिरवाडीच्या मैदानावर ते हरणाऱ्या संघाच्या मागे उभे राहायचे आणि चढाई फसली की मागून आवाज यायचा, “ह्याला कशाला पाठवला?” एकदा एका तरण्या कॅप्टनचं डोकं फिरलं. त्यानं विश्रांती मागून घेतली, गडी सोडून तो सरळ काकांकडे आला आणि म्हणाला, “काका, आता तुम्हीच सांगा. कोणाला पाठवू?” सगळं मैदान काकांकडे बघायला लागलं. काका शांतपणे म्हणाले, “ते आता कसा सांगू? सामना संपू दे.”

हा नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. मार्चमध्ये चवदार तळ्यावर वाडीतली सगळी माणसं त्यांच्याच रिक्षानं, आठ-दहा खेपांत जायची. परतताना गर्दीत रिक्षा अडकली की काका म्हणायचे, “पाच मिनिटं आधी निघायला हवा होता.” पाच मिनिटं आधी स्वतः काकाच सरबत पीत उभे असायचे. वाडीतल्या जयंतीला सभा रंगली तरी आभाराचं भाषण कोणाला दिलं यावरून ती शेवटी पडली, असा त्यांचा निकाल ठरलेला. मला बारावीनंतर महाडच्या कॉलेजात घालायचं बाबांनी ठरवलं तेव्हा वाडीतल्या निम्म्या लोकांनी बाबांना शहाणपण शिकवलं, काका एक अक्षर बोलले नाहीत. तीन वर्षं बोलले नाहीत. निकाल लागला, आईनं पेढा हातावर ठेवला, तेव्हा म्हणाले, “पास झाली ती बरी झाली. पण कॉमर्सला पाठवायची होती.”

“काका, मी कॉमर्सलाच होते.”

“मग आर्ट्सला पाठवायची होती,” काका म्हणाले आणि दुसरा पेढा घेतला.

हे सगळं चालायचं, पण काकांना खरं हवं होतं ते एकच. बाबांनी एकदा कबूल करावं. महिन्यातून दोनतीनदा तरी काका आमच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि चहा अर्धा झाला की विषय काढायचे.

“कॅप्टन, एकदा म्हण. चुकला.”

“नाय चुकला,” बाबा म्हणायचे.

“अरे समोर दिसतंय! घर बघ तुझा. वहिनीचे हात बघ. सगळा त्या एका चढाईनं गेला. म्हण, तुला पाठवायला नको होता.”

“तूच जायचा होतास. नाय चुकला.”

मग काका कप आपटून जायचे नि आई कपाचा कान शाबूत आहे का बघायची. बाबा तसे गरीब माणूस. ठेकेदाराला नमतं घेतील, तलाठ्याला घेतील, माझ्या धाकट्या भावालाही घेतील. पण इथे एक पाऊल मागे यायचे नाहीत. एकदा आई वैतागून म्हणाली, “म्हणा ना एकदा चुकला म्हणून. काय जातंय तुमचं?”

बाबा म्हणाले, “माझा काय जात नाय. त्याचा जाईल.”

मला तेव्हा ते कळलं नाही. आईला कळलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

मागच्या वर्षी काकांची डावी बाजू गेली. सकाळी रिक्षा पुसता पुसता खाली बसले ते उठलेच नाहीत. महाडच्या दवाखान्यात नेलं. बोलणं शाबूत होतं, हात थोडा हलत होता, डावा पाय मात्र कोणी दुसऱ्यानं आणून ठेवल्यासारखा पडून होता. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, सुधारेल. पण काका व्यायाम करीनात, नीट जेवीनात. मुख्य म्हणजे ते कोणाला काही बोलेनात. सलाईन चुकीच्या हाताला लावलं असं म्हणाले नाहीत, वेळेवर आणलं नाही असंही म्हणाले नाहीत. काकी रडायला लागल्या. “हा माणूस दोन दिवस कोणाला नावं ठेवत नाय गो,” त्या आईला म्हणाल्या. “माझा काय खरा नाय.”

तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला आई, बाबा आणि मी गेलो. बाबा खाटेशेजारी स्टूल ओढून बसले आणि काकांकडे न बघता म्हणाले, “चुकला माझा. तुला पाठवायला नको होता.”

इतकी वर्षं मागितलेली गोष्ट काकांच्या हातात पडली होती. मला वाटलं, आता डोळे पुसतील. त्यांनी मान वळवली आणि विचारलं, “कोणी शिकवला तुला हा? वहिनीनं?”

“कोणी नाय. चुकला तो चुकला.”

“मग कोणाला पाठवणार होतास?”

बाबा गडबडले. इतक्या वर्षांत त्यांनी हा विचारच केला नव्हता. “डावऱ्याला,” ते म्हणाले.

काकांच्या अंगात एकदम वारं शिरलं. भेटायला आलेल्यांनी आणलेली मोसंबी उशाशी होती. उजव्या हातानं त्यांनी एकेक मोसंबी चादरीवर ओळीनं मांडली. “हा डावरा. ह्याचा खांदा निखळला होता. पाण्याची बाटली उचलत नव्हता तो. त्याला पाठवतोस?” एक मोसंबी बाजूला झाली.

“मग तुझा मेहुणा.”

“बाद होऊन बाहेर बसला होता! बाहेरचा माणूस आत पाठवतोस? कॅप्टन होतास का वऱ्हाडी?” दुसरी मोसंबी गेली.

“मग मी गेलो असतो,” बाबा म्हणाले.

“कुठल्या पायावर?” काका इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. “गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता तुझा. मध्यंतराला माझ्या आयेच्या लुगड्याची पट्टी फाडून मी बांधली त्याला. मी! उभा राहवत नव्हता, नि म्हणे मी गेलो असतो! खोटा बोलायला लाज नाय वाटत तुला, मी आजारी पडलोय तर?”

गुडघ्याची गोष्ट मी आणि आई पहिल्यांदाच ऐकत होतो. कॅप्टननं स्वतः जायला हवं होतं, हे शुक्रवारच्या रिक्षात ऐकून ऐकून वाडीत बऱ्याच लोकांचं मत झालं होतं की बाबा त्या दिवशी घाबरले. बाबांनी ते कधी खोडलं नव्हतं. आई त्यांच्याकडे बघत होती. ते चादरीकडे बघत होते.

काकांनी राहिलेल्या गड्यांचाही निकाल लावला. एकाचा दम संपला होता, एक त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मोठ्या मैदानावर उभा होता. शेवटी चादरीवर एकच मोसंबी उरली. तिच्यावर बोट ठेवून काका थांबले.

“मीच उरतोय,” ते म्हणाले.

बाबांनी बाजूला काढलेली मोसंबी परत उशाशी लावली.

“पाठवलास तो बरोबर पाठवलास.” मग मोसंबीवरचं बोट उचलत, “बोनस घ्यायचा होता मी. समोर मोकळा होता रे सगळा. मला वाटला, दोन आणीन. एकदम जिंकूनच घरी जाऊ.”

“हां,” बाबा म्हणाले. “बोनस घ्यायचा होतास.”

तेवढंच बोलले. आवाजात राग नव्हता, समजूतही नव्हती. दोन गड्यांनी मैदानातून बाहेर आल्यावर बोलावं तसं. मग बाबांनी ती मोसंबी उचलली, सोलली, अर्धी काकांच्या हातावर ठेवली. काकांनी एक फोड खाऊन तोंड वाकडं केलं. “आंबट हाय. बघून आणायची होती.” काकी दारातून आत येत होत्या. ते ऐकून त्या तिथेच भिंतीला टेकून रडल्या, आणि मग हसल्या.

काका आता घरी आहेत. काठी घेऊन अंगणात फिरतात. रिक्षा जावई चालवतो, आणि सहा गिऱ्हाइकं झाली की निघतो. सामने असले की बाबा काकांना घेऊन जातात. कोणी नवखं पोरगं खोडी काढतं, “काका, त्या फायनलला कोणाला पाठवायला हवा होता?” काका म्हणतात, “मलाच. दुसरा होता कोण?” पुढे काहीतरी येईल म्हणून पोरगं थांबतं, पण पुढे काही येत नाही. संध्याकाळी ओट्यावर दोघे चहा पितात तेव्हा आत मी कान देऊन बसते. पावसापाण्याचं बोलतात, कोणाच्या तब्येतीचं बोलतात. कप आपटल्याचा आवाज येत नाही. घरात मोठं माणूस असून नसल्यासारखं वाटतं कधीकधी, आणि आईसुद्धा एकदा म्हणाली, भांडण होतं ते बरं होतं, वेळ जायचा.

पण झालं ते चांगलं झालं. गुडघ्याची गोष्ट आईनं वाडीभर सांगितली, त्यामुळे बाबा घाबरले होते, असं आता कोणी म्हणत नाही. त्या सामन्याचा निकाल आमच्या वाडीत सगळ्यांना मान्य आहे.