केबल तुटली ते वर्ष

दुर्गजवळच्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालो त्याच हिवाळ्यात मी ग्लायडिंग क्लबमध्ये जायला लागलो, तेही उडायला नाही. मी आयुष्यभर रोलिंग मिलमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवली होती, आणि क्लबला विंच चालवणारा माणूस हवा होता. क्लबचे शिक्षक स्मृति नगरात आमच्याच मागच्या गल्लीत राहत. मूळचे नागपूरकडचे, फौजेत विमानं उडवलेले, सत्तरीला टेकलेले. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. एका सकाळी ते फाटकाशी येऊन उभे राहिले.

"तुमचा हात हलका आहे म्हणतात. आमाले असाच हात पायजे."

मी काही बोलायच्या आत बायको आतून म्हणाली, "न्या बाप्पा यांले. दोन महिन्यांपासून नुसते पंखे पुसून राहिले."

क्लब म्हणजे गावाबाहेरची एक जुनी धावपट्टी, टिनाचं हँगर, दोन जणांचं एकच ग्लायडर आणि ट्रकचं इंजिन बसवलेली विंच. ग्लायडरला इंजिन नसतं. पट्टीच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला विंच, मधे किलोमीटरभर पोलादी केबल. वॉकीटॉकीवर "खेचा" आलं की विंचनं केबल गुंडाळायची. ग्लायडर पतंगासारखं चढत जातं, पुरेसं वर गेलं की चालवणारा केबल सोडतो आणि मग हवा नेईल तेवढा वेळ फिरतो. माझं काम सगळं मिळून एका मिनिटाचं. पण त्या मिनिटात हात जरा जड पडला तर वरच्या माणसाला तो कळतो.

रविवारी सकाळी सगळ्यात आधी मी पोचायचो. पट्टीवर गाई असायच्या, त्या हाकलायच्या. मग केबलच्या कडेकडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक जोड बघायचा, कारण केबल मधूनमधून तुटते आणि ती जोडून पुन्हा वापरतात. जोडायचं कामही मीच करायचो.

त्या वर्षी शिकणाऱ्यांत एक मुलगी होती. मोहन नगरची, वडील रेल्वेत गार्ड. कुम्हारीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करायची आणि रविवारी स्कूटरवर यायची. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि घाईत असली की दोन्ही एकदम. जानेवारीच्या शेवटी सर ग्लायडरमधून उतरले, मागच्या सीटचे पट्टे बांधून ठेवले आणि तिला म्हणाले, "आता तू एकटी जा." मी तिला खेचलं. ती एक चक्कर मारून उतरली, आणि उतरल्यावर बराच वेळ आतच बसून राहिली. सर मला म्हणाले, "राहू द्या. सगळे असेच बसतात."

मार्चमध्ये पट्टीच्या पलीकडचे पळस लाल झाले आणि दुपारी तापलेली हवा चांगली वर उठायला लागली. मुलगी त्या हवेवर अर्धा-अर्धा तास वर राहायची.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी केबल बघत चाललो होतो. आदल्या आठवड्यात मीच केलेल्या एका जोडाजवळ एक बारीक तार उसवून वर आलेली दिसली. क्रेनच्या पोलादी दोरावर तशी तार दिसली असती तर मी काम थांबवलं असतं. त्या दिवशी ऊन चढत होतं, पलीकडे मंडळी तयार उभी होती, आणि नव्यानं जोडायला तास गेला असता. मी तार बोटानं दाबली आणि पुढे गेलो.

दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरीला ती एकटी होती. ग्लायडर चार-पाच मजले वर गेलं असेल, आणि विंचचं इंजिन एकदम मोकळं झालं. केबल तुटली की आधी आवाजावरूनच कळते. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. वर ग्लायडरचं नाक आभाळाकडे होतं आणि वेग संपत आला होता. मग नाक खाली वळलं. ते माझ्याच दिशेनं उतरत आलं, चाक टेकलं आणि विंचपासून शंभरेक पावलांवर थांबून एका पंखावर कललं.

मी धावत गेलो. तिनं वरची काच उघडली. चेहरा पांढरा पडला होता.

"काका, मैंने नाक जादा ऊपर खेच लिया क्या? माझ्यामुळे तुटली का?"

मी म्हणालो, "तुले काही लागलं तर नाही ना?"

एवढंच म्हणालो. सर आले, त्यांनी तिची पाठ थोपटली. "नाक बरोबर दाबलं. केबल आहे, तुटते." तुटलेली टोकं मी गुंडाळून हँगरमध्ये नेली. जोडापाशीच तुटली होती.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मे लागला. सरांनी फोन केला तर म्हणाली, काम वाढलं आहे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, तेव्हा बायकोनं विचारलं आणि मी तिला सगळं सांगितलं.

तिनं माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "मले कावून सांगून राहिले? तिले सांगा ना."

दुसऱ्या दिवशी आधी सरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "महिनाभर तुमी विंचवर बसायचं नाही. केबल मात्र तुमीच बघायची, माझ्यासमोर." त्यांचा आवाज चढला नाही. मला तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बायको आणि मी मोहन नगरला त्या मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील नुकतेच ड्यूटीवरून आले होते. चहा झाला आणि मी सांगितलं: तार दिसली होती, वेळ वाचवायला मी तशीच सोडली, आणि तू विचारलंस तेव्हा उत्तर टाळलं. वडिलांनी कप खाली ठेवला. "तुमी क्रेनवाले ना? तुमाले तर दोर कळते." मी हो म्हणालो. ते उठून आत गेले, आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

मुलीनं विचारलं, "म्हणजे मी जास्त खेचलं नव्हतं?"

"नाही. तू सगळं बरोबर केलं."

"मैं तो रोज वही सोच रही थी, काका. मले वाटे, माझ्या हातून होणार नाही हे." तिचे डोळे भरले. रागावली होती की हलकी झाली होती, मला कळलं नाही, दोन्ही असावं. निघताना माझी बायको तिच्याजवळ दोन मिनिटं थांबली. काय बोलली ते मला तिनं आजवर सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात पट्टीवर गुडघाभर गवत वाढतं आणि क्लब बंद असतो. आम्ही हँगरमध्ये ग्लायडरचे पंख काढले, सांधे पुसले, विंचचं इंजिन उतरवून साफ केलं. ऑगस्टच्या एका रविवारी स्कूटर वाजली. ती आली, चिंधी घेतली आणि पंख पुसायला बसली. तासाभरानं म्हणाली, "जोड कसा करतात ते दाखवा." मी दाखवला. तिचा पहिला जोड वाकडा झाला, तो कापला. चौथा माझ्यापेक्षा सरळ झाला.

दिवाळीनंतर उड्डाणं सुरू झाली. केबल आता दोघांनी चालत बघायची असा नियम सरांनी केला. तो आजही आहे. तिला खेचायला विंचवर दुसरं कुणी बसावं असं मी सुचवलं, तर ती म्हणाली, "नको. तुमीच." मी खेचलं. ती पाऊण तास वर होती, आणि तेवढा वेळ मी विंचच्या सावलीत बसून मान वर करून होतो.

तिच्या वडिलांनी माझ्याशी बोलायला अजून वर्ष घेतलं. एकदा दुर्ग स्टेशनवर भेटले, गाडी सुटायची होती. "पोरगी सांगत होती, आता केबल तुमी दोघं मिळून बघता," म्हणाले, आणि हिरवी झेंडी घेऊन डब्याकडे गेले.