'संथ' या कॅसेटचं परीक्षण

"त्या श्रुतिधराला बाहेर बोलवा, नाहीतर मीच आत येते. बघू दे तरी अशा माणसाचं तोंड कसं असतं ते," सुनंदावहिनी ओरडत होत्या आणि वर्तमानपत्राच्या त्या कचेरीतला एकूण एक माणूस मान वर करून बघत होता. मी त्यांच्या मागे दोन फुटांवर उभा होतो. त्यांची पर्स आणि छत्री माझ्या हातात होती. आणि श्रुतिधर मीच होतो.

हे मी आजवर कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही. आणि माझ्या पोटात तर चहासुद्धा फार वेळ टिकत नाही. गंगापूरच्या धरणात बैलाएवढा मासा पाहिल्याचं मी अख्ख्या इंदिरानगरला पटवून दिलंय, तो मासा अजून दर वर्षी वीतभर वाढतो. पण ही गोष्ट… ही एकच गोष्ट मी कधी वाढवूनही सांगितली नाही, घटवूनही नाही. सांगितलीच नाही.

सुनंदावहिनी म्हणजे शरदची बायको. शरद ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होता आणि सॅक्सोफोन वाजवायचा. मी विम्याचा एजंट, माणसाला त्याच्याच मरणाचं कौतुक सांगून सही घेणारा, आणि हौसेने कीबोर्ड वाजवणारा. लग्नांत, गणपतीत आम्ही एकाच ऑर्केस्ट्रात वाजवायचो. नव्वदीची अखेर असेल. कुणीतरी दुबईहून एक कॅसेट आणली. सॅक्सोफोन आणि कीबोर्ड, बस्स. ना ढोल ना आरडाओरडा. त्याला स्मूथ जॅझ म्हणतात हे आम्हाला तिच्या पाठीवर वाचून कळलं. शरदने ती सलग तीनदा ऐकली आणि म्हणाला, आपण हेच वाजवायचं.

वर्षभर तालीम केली आणि आमची कॅसेट निघाली. नाव 'संथ'. सहा धुना. नाशिकमधली पहिली स्मूथ जॅझची जोडी आम्ही. आशियातली पहिली, असं मी लोकांना सांगायचो. तपासायला कोण जाणार होतं?

आता तिसऱ्या धुनेचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. तिच्या मध्यावर शरद एक स्वर लांब धरतो आणि त्या स्वराखालून माझा कीबोर्ड येतो, असं ठरलं होतं. स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना मी काचेपलीकडच्या माणसाला ऐट दाखवण्यात गुंग होतो. माझी जागा आली आणि गेली. शरद स्वर धरून राहिला. माझ्याकडे बघत, गाल लाल, मानेच्या शिरा फुगलेल्या… धरूनच राहिला. मी आलो तोवर त्याचा स्वर शेवटी जरासा फाटला होता. पुन्हा घ्यायला स्टुडिओत वेळ उरला नव्हता. शरद हसून म्हणाला, राहू दे, माणसाने वाजवलंय हे तरी कळेल. माझ्या चुकीबद्दल एक अक्षर बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

कॅसेट घेऊन मी त्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीचं काम बघणाऱ्या दातारांकडे गेलो. ते म्हणाले, इथे जॅझ कुणाला कळतो, तुम्हीच लिहून आणा, वर एखादं टोपणनाव टाकू, सगळे असंच करतात. फक्त एक अट होती. एखादा दोष दाखवा. नुसती स्तुती असली की लोकांना जाहिरात वाटते.

एक दोष. वाजवणारे दोघं. कुणाचा काढायचा?

तुम्ही कुणाचा काढला असता? नको, सांगू नका. मी कुणाचा काढला ते ऐका. माझ्याविषयी मी लिहिलं की या वादकाची बोटं लोण्याची आहेत. बिनदिक्कत लिहिलं, माझ्याच हिरव्या शाईने. आणि मग लिहिलं, "सॅक्सोफोनवादकाचा दम मात्र लांब स्वरावर अपुरा पडतो. ही उणीव रियाजाने भरून निघेल असे वाटत नाही."

दोषाचं पहिलं वाक्य दातारांना हवं होतं, असं म्हणता येईल. दुसरं कुणाला हवं होतं? ते कुणी मागितलं होतं?

कार्यक्रम संपला की लोक शरदकडे जायचे. माझ्याकडे यायचे ते वायर कुठे ठेवायच्या हे विचारायला. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

परीक्षण छापून आलं. 'संथ'वर छापून आलेलं तेवढं एकच. रविवारी दिवसभर मी लोकांकडून लोण्याच्या बोटांबद्दल शाबासकी घेत फिरलो. सोमवारी सकाळी वहिनी दारात. "भाऊजी, चला. तुम्हाला बोलता येतं. आमच्या ह्यांना कुणी थोबाडीत मारली तरी हे दुसरा गाल पुसत बसतील." नाही कसं म्हणणार? गेलो.

दातारांनी आधी वहिनींकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे. श्रुतिधर पुण्याला असतात, म्हणाले. वहिनी शाळामास्तरीण, अशा उत्तरांवर त्यांनी पिढ्या वाढवल्या होत्या. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग त्यांनी लिहून पाठवलेला कागद दाखवा. मी अक्षरावरून माणूस ओळखते.

आणि माझं अक्षर त्यांना पाठ होतं हो. 'संथ'च्या वेष्टनावरचा मजकूर मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून लिहिला होता, त्याच शाईने.

दातारांनी खण उघडला. मी उभा होतो तिथून तो आतपर्यंत दिसत होता. वरच होते माझे कागद. हिरवेगार. वहिनी टेबलावर दोन्ही हात टेकून वाकायला लागल्या. माझ्या हातातली छत्री घामाने निसटून खाली पडली, तिचा एवढा मोठा आवाज झाला की वहिनींनी वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात खण बंद झाला. "छापून झालं की आम्ही फाडून टाकतो, बाई," दातार म्हणाले.

वाचलो. जिना उतरताना मला हसू येत होतं, खरं सांगतो. ही गोष्ट मित्रांना किती रंगवून सांगता येईल, हेसुद्धा मनात येऊन गेलं.

खाली शरद स्कूटरला टेकून उभा होता. तो वर आलाच नव्हता. वहिनी रागाने रिक्षा बघायला रस्त्याच्या कडेला गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "विल्या, तू रोज ऐकतोस मला. खरं सांग. पडतो का रे माझा दम कमी?"

परीक्षण वगैरे राहू द्या बाजूला. परीक्षण म्हणजे दोन ओळी, रविवारी वाचायच्या आणि सोमवारी त्यात भजी बांधायची. पण हा प्रश्न मला विचारला होता. श्रुतिधरला नाही, मला. "मूर्खा, मी उशिरा आलो होतो" — एवढंच म्हणायचं होतं. मोजा, पाच शब्द आहेत. दिवसाला पाच हजार शब्द फुकट वाटणारा माणूस मी.

मी म्हणालो, "मी काय समीक्षक आहे? पण पेपरवाले उगाच तर नाही ना लिहिणार."

तो "हं" म्हणाला. स्कूटरला किक मारली.

त्यानंतर त्याने छातीचा फोटो काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखी फुप्फुसं आहेत. तरी तो पहाटे गच्चीवर श्वासाचे व्यायाम करायला लागला. ऑर्केस्ट्रात लांब स्वर आला की गरज नसताना मध्येच श्वास घ्यायचा, धून तोडायचा. लोकांनाही ते ऐकू यायला लागलं. मी शेजारी उभा राहून कीबोर्ड वाजवत होतो. मलाही ऐकू येत होतं, सगळ्यांच्या आधी. वर्षभरात त्याने कार्यक्रम घेणं बंद केलं. ओव्हरटाइम असतो, म्हणायचा.

चार-पाच वर्षं गेली. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. एका रविवारी मी ओझरला त्याच्या घरी गेलो, सांगूनच टाकायचं असं ठरवून. वहिनींनी पोहे केले, नेहमीसारखी माझी थट्टा केली. मी दोनदा घसा साफ केला. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? सीडी. की 'संथ' पुन्हा काढू, सीडीवर. तिसरी धून नव्याने वाजवू. मुंबईत एक माणूस तयार आहे. मुंबईत कुणीच नव्हतं. बोलत सुटलो होतो. शरद शांतपणे ऐकत होता. शेवटी मीच म्हणालो, काढ रे तो सॅक्सोफोन, एकदा फुंकर तर मारून बघ.

शरद म्हणाला, "तो दिला मी एकाला. कपाटात जागा होत नव्हती."