पडद्यावरचं वाऱ्यावर जातंय

"पडद्यावरचं वाऱ्यावर जातंय, नोंदीत टाका," असं म्हणून ती, कंत्राटावर आलेली प्रोग्रॅमर, ओढणीच्या टोकानं चष्मा पुसायची. चष्मा परत डोळ्यांवर चढला की तिच्यापुरता वाद संपला, हे अंबाजोगाईच्या आमच्या पाणीपुरवठा केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिथे देखभालीच्या याद्या सांभाळते.

गावचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा प्रोग्रॅम तिनं सी भाषेत लिहिला होता. प्रत्येक हालचालीची, कोणी हातानं व्हॉल्व्ह फिरवला तरी, तो पडद्यावर ओळ लिहायचा आणि ओळ वर सरकून नाहीशी व्हायची. तिनं त्याचं बोलणं पडद्यावरून काढलं आणि संगणकातल्या 'पाइप'मधून, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जायच्या वाटेनं, सिस्टम लॉगच्या नोंदवहीकडे वळवलं, प्रत्येक ओळ वेळेसकट टिकावी म्हणून. ओळीच्या आधी नाव लागतं. तिनं आपल्या गावाचं लावलं, 'घाटनांदूर'.

"गावाचं नाव कावून गं?" मी विचारलं.

"काकू, गावाचं नाव लावल्यावर खोटं बोलायला जड जातंय."

पहिल्या दिवशी व्हॉल्व्ह फिरले, लॉग कोरा. ऑपरेटर हसला, "ताई, वाचा बसली का ह्याची?" बऱ्याच वेळानं सगळ्या ओळी एकदम आल्या आणि सगळ्यांवर वेळ एकच! तीही हसली. पडद्याऐवजी पाइप दिसला की प्रोग्रॅम ओळी साठवून धरतो आणि मग एकदम सोडतो, हे ती विसरली होती. "घरी मेंढरं राखून मोठी झाले अन् हेच विसरले बघा. मेंढरं वाड्यात कोंबल्यावर मोजत न्हाईत, दारातून एकेक जाताना मोजत्यात." तिनं एक ओळ बदलली. मग लॉगमध्ये ओळी एकेक करून, ज्या त्या वेळी येऊ लागल्या.

त्यांत दिसलं, की माळावरच्या नव्या प्लॉटिंगचा व्हॉल्व्ह रोज दुपारी कोणीतरी हातानं उघडतं. त्याच वेळी खालच्या वस्तीचे नळ कोरडे असायचे.

साहेबांनी तिला बोलावलं. मी दारातच उभी होते.

"हातानं उघडल्याची ओळ तेवढी लॉगला जाऊ देऊ नका."

"कावून?"

"वरून सांगणं आहे."

"मग वरच्यांना म्हणावं, या अन् सोता काढा. मी एक बी मेंढरू चोरवाटेनं सोडणार न्हाई."

"बाई, कंत्राट संपत आलंय तुमचं. विचार करा."

तिनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "केला."

कंत्राट वाढवलं नाही. जाताना तिनं डबा, चार्जर, पाण्याची बाटली पिशवीत भरली आणि मला लॉग कसा छापायचा ते शिकवलं. "लई सोपं हाय, काकू. फक्त भ्यायचं न्हाई."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती गेली की खुर्ची रिकामी होते, पण कार्यालय पूर्वीसारखं राहत नाही. तिच्या प्रोग्रॅमला हात लावायची अजून कोणाची छाती झालेली नाही. चुकलं तर गावाचं पाणी बंद.

दर सोमवारी मी ओळी छापून बाहेरच्या फलकावर लावते. खालच्या वस्तीतल्या बायका घागरी टेकवून वाचतात.

परवा साहेबांनी कागद फाडला. "हे कोण लावतंय?"

"वाचा ना साहेब," मी म्हटलं, "प्रत्येक ओळीवर नाव आहे. घाटनांदूर."

आणि दुसरा कागद लावला.