निवाऱ्याचा रकाना

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग. कचेरीतल्या बाया म्हणायच्या, हिच्या खुर्चीत ढेकूण आहेत. पण त्या वर्षी जूनपासून पोळ्याच्या तोंडापर्यंत मी जी तगमग भोगली, तिचं कारण खुर्चीत नव्हतं. ते माझ्याच हाताच्या अक्षरात होतं.

दोन हजार चारच्या डिसेंबरात मद्रासकडे समुद्र गावांत शिरला, माणसं वाहून गेली. नालवाडीच्या घरात जेवता जेवता आम्ही ते टीव्हीवर पाहिलं, हळहळलो, भांडी घासून झोपलो. दोन महिन्यांनी त्याच समुद्राचा कागद वर्ध्याच्या जिल्हा कचेरीत माझ्या टेबलावर येऊन पडला. राज्यानं किनाऱ्याची तयारी करायला घेतली होती. पाऊसपाणी बदलत चाललंय, समुद्र वर सरकतोय, तेव्हा सगळ्या जिल्ह्यांनी एकाच नमुन्यात आपापला आराखडा द्यावा, असा हुकूम होता. नमुना कोकणासाठी बनवलेला. होड्या किती, धक्के किती, भरतीची रेघ कुठवर येते, खारं पाणी अडवणारे बांध किती. मी तोवर समुद्र पाहिलासुद्धा नव्हता.

नागपूरला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. मुंबईहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर किनाऱ्याचा नकाशा दाखवला आणि अगदी पोटतिडकीनं समजावून सांगितलं. मी हात वर केला. आमच्याकडे नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरून गावात येतं, ते कुठं लिहायचं? ते म्हणाले, 'इतर'मध्ये. घरी येऊन पाहिलं तर 'इतर'चा रकाना बोटभर होता.

आमच्या कचेरीत एक पद्धत होती. रकान्यात आकडा लिहा, नाव लिहा, नाहीतर 'निरंक' लिहा, म्हणजे काहीच नाही. 'माहीत नाही' असं लिहायची सोय कुठंच नव्हती. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानंही कधी ते लिहिलं नसेल. होड्या निरंक, धक्के निरंक, बांध निरंक, अशी मी पानामागून पानं भरत गेले आणि मजाही वाटत होती. मग निवाऱ्याचा रकाना आला. पूर आला तर गावातल्या माणसांनी जायचं कुठं? आमच्या कचेरीतले साहेब म्हणाले, इथं निरंक चालणार नाही, वरून विचारतील. आणि चार दिवसांत सगळं पाठवायचंय. नमुन्यात उदाहरण म्हणून 'प्राथमिक शाळा' लिहिलेलं होतं. कोकणातली ती शाळा टेकडीवर असेल, बिचारी.

हिंगणघाट तालुक्याचा गठ्ठा माझ्या वाट्याला आला होता. कचेरीत एकच कॉम्प्युटर होता, त्यावर मराठी टाइप केलं की चौकोन उमटायचे. म्हणून गावागावाची पानं हातानं लिहायची, त्यांच्या झेरॉक्स ग्रामपंचायतीत लावायच्या, असं ठरलं. अक्षर चांगलं म्हणून काम माझ्याकडे. मी सगळीकडे 'जि. प. शाळा' लिहीत सुटले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. वडनेरच्या पलीकडलं एक लहानसं गाव आलं, तिथंही तेच लिहिलं. त्या गावात माझी धाकटी बहीण दिली होती.

आणि मला माहीत होतं, हे आधी सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी मी पोळ्याला तिच्याकडे गेले होते. तिथं ज्याखाली बैल उभे करतात ते तोरण शाळेपुढच्या मैदानात बांधतात. पण शाळा नाल्याच्या काठाला, खोलगट जागेत. गावानं तीच जमीन दिली, कारण तिथं पीक येत नव्हतं. त्या साली मैदानात घोटाभर पाणी साचलं होतं, म्हणून तोरण वर मारुतीच्या पाराजवळ बांधलं. पाण्याचं साल असलं की तोरण वर, हा त्या गावाचा रिवाज. मी स्वतः पाराच्या पायरीवर बसून बैल पाहिले, पुरणपोळी खाल्ली. आणि तरी रकान्यात शाळा लिहिली, कारण त्या वेळी मी गाव लिहीत नव्हते, नुसता गठ्ठा संपवत होते.

जूनमध्ये बहिणीचा फोन आला. तिच्या आवाजात नुसतं कौतुक. ग्रामपंचायतीत पान लागलं होतं आणि तिनं लांबूनच माझं अक्षर ओळखलं होतं. सगळ्या बायांना नेऊन दाखवलं म्हणे, माह्या बहिणीनं लिहिलं म्हणून. मी विचारलं, निवारा कुठला लिहिलाय? ती म्हणाली, शाळा.

तेव्हाच म्हणायचं होतं, बाई, ते चुकलंय, तिकडं जाऊ नकोस. एवढं एक वाक्य. पण ती एवढी फुलून बोलत होती, की माझी जीभ रेटेना. मोठी बहीण, सरकारी नोकरी, चांगलं अक्षर. मी हसून विषय बदलला आणि ठरवलं, कागदावरच दुरुस्त करून घेऊ. तिला कळायचंही कारण नाही.

साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले की आराखडा मुंबईला गेला, आता पुढच्या वर्षी नवा करताना बदलू. मी टिपण लिहिलं, ते परत आलं. पुन्हा लिहिलं, ते कुठं गेलं ते आजवर कळलं नाही. घरी भाजी करपायला लागली. आभाळ आलं की मी अंगणात जायची, आत यायची, पुन्हा जायची. नवरा म्हणायचा, एक फोन कर ना तिले, विषय संपते. मी म्हणायची, पोळ्याला जाणारच आहे, तेव्हा समोरासमोर सांगीन. आता स्वतःची चीड येते. फोन तिथंच, हाताच्या अंतरावर होता.

पावसानं पोळ्याची वाट पाहिली नाही, आठवडाभर आधीच आला. तीन दिवस सलग कोसळला. तिकडचे फोन बंद पडले. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली तशी मी रजेचा अर्जही न देता एस.टी.त बसले. वडनेरला उतरले आणि पुढं चालत निघाले. गुडघ्यापर्यंत चिखल. वाटेत जो भेटेल त्याला विचारत होते, गावचे लोक कुठं आहेत? सगळे म्हणत होते, वर, मारुतीपाशी. माझा जीव भांड्यात पडत होता आणि पुन्हा वर येत होता.

पारावर सगळं गाव होतं. ताडपत्री बांधलेली, चूल पेटलेली, पोरं खेळत होती. कोतवालानं आदल्या पहाटेच दवंडी दिली होती, चला वर. ग्रामपंचायतीतल्या पानाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी तोंडामागून तोंडं पाहत फिरले. बहीण नव्हती, तिची सासू नव्हती. तिचा नवरा नागपूरला कामाला होता, ते मला माहीत होतं. कोतवाल मान खाली घालून म्हणाला, त्या दोघी शाळेत गेलत्या, आम्ही लई सांगितलं, ऐकलं नाई, मंग पाणी चढलं, जाता नाई आलं.

मी कशी उतरले ते आठवत नाही. पाणी ओसरलं होतं, पण शाळेच्या भिंतीवर त्याची ओली रेघ फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत आली होती. खोलीत दोन बाकं एकावर एक चढवलेली, आणि त्यांवर दोघी एकमेकींना धरून बसलेल्या. जिवंत होत्या. सासूच्या ओठांवर काळपट छटा आली होती. मी दारातच खाली बसले आणि ढसाढसा रडले. बहीण खाली उतरली आणि माझ्याजवळ आली.

"काऊन आली तू इथं?" मी विचारलं. "सारं गाव वर गेलं."

"ते म्हणत होते, चाल वर. मीच नाई म्हणलं. तुह्या हातचं लिहिलेलं होतं ना, ताई. मले वाटलं, तू पाहूनच लिहिलं असशीन."

तेव्हा मी सांगितलं. जूनमध्ये सांगायचं होतं ते, ओल्या दारात बसून. पाहून लिहिलं नव्हतं, रकाना भरायचा म्हणून लिहिलं. आणि चुकलंय हे कळल्यावरही तुला सांगितलं नाही, कारण लाज वाटली. तिनं पदर पिळला आणि सासूला उतरवायला आत गेली. सासूला घेऊन आम्ही वर आलो. पारावर कुणीतरी चहा दिला. तो तिनं आधी सासूला पाजला, मग मला दिला, स्वतः घेतला नाही.

पुढच्या वर्षी आराखडा पुन्हा आला. होड्या, धक्के, भरतीची रेघ, सगळं तसंच. या खेपेला मी सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं गावोगाव हिंडले. जिथं जाता आलं नाही तिथल्या कोतवालांना बोलावून विचारलं, पाण्याच्या साली तोरण कुठं बांधता? ते सांगत गेले, मी लिहीत गेले. साहेब म्हणाले, बाई, यात फार वेळ जातो. मी म्हटलं, जाऊ द्या. बहिणीच्या गावाच्या पानावर 'मारुतीचा पार' लिहिलं आणि पान घेऊन मीच गेले.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खळ लावून ते पान मी स्वतः चिकटवलं. बहीण शेजारी उभी होती. तिनं ते वरून खालपर्यंत वाचलं, बोट लावून, एकेक अक्षर. अक्षर छान आलंय, असं या वेळी म्हणाली नाही. मग माझ्याकडे वळली.

"हे तं पाहून लिहिलं ना, ताई?"